सबूर, काच हाय

बसलिंगअप्पा रोज सकाळी आपल्या बोकडांच्या पाठीवर तांब्यातांब्याने पाणी ओतत आणि मग ओठांवर बोट ठेवून समोर उभे राहत. तेवढा वेळ गल्लीत कुणी खोकायचं नाही, असा दंडकच होता. पाठ ओली झाली की कुठलंही शेरडू कानापासून शेपटीपर्यंत अंग झाडतं. अप्पांची चार बोकडं झाडत नसत. पाणी पोटाखाली ठिबकत राही, डोळे बारीक होत, पण अंग जागच्या जागी. मग अप्पा बोट खाली घेत आणि म्हणत, "उतरलं." त्यासरशी चारी बोकडं अशी अंग झाडत की आमच्या ओट्यावर वाळत घातलेली डाळ पुन्हा भिजे.

गंगाखेडला आमचं घर त्यांच्या घरासमोर होतं. मी डोंगरातल्या एका वाडीवर शाळामास्तर होतो आणि अप्पा त्याच डोंगरातल्या वाड्यांवर बांगड्या विकत. एसटी पायथ्याशी सोडून वळायची, पुढे पायवाट. बांगड्यांच्या पिशव्या बोकडांच्या पाठीवर दोन्ही अंगांना लटकावून अप्पा पुढे चालत आणि बोकडं मागे. न दोरी, न काठी.

"गाढव लाथ मारतंय, घोडं मिजास दावतंय," ते म्हणत, "आन एसटी तर दोन्ही करती. बोकड कसं, नव्या सुनेवाणी बघून पाय टाकतंय."

वाटेत दोन ओढे आडवे येत. पलीकडे चढून बोकडाने एकदा अंग झाडलं की डझनावारी बांगड्यांचा चुरा. म्हणून सकाळचं ते पाणी. पिल्लू चार महिन्यांचं झालं की त्याच्या पाठीवर आधी रिकामी पिशवी, मग कडब्याची, मग फुटक्या बांगड्यांची. आवाज झाला नाही तर गूळ, झाला तर नुसता उपदेश. माझ्या शाळेतली तिसरीची पोरं दिवाळीनंतर पाढे विसरत. अप्पांच्या शाळेत कुणी नापास झाल्याचं मी पाहिलं नाही.

"सबूर, काच हाय," हे त्यांचं पालुपद. बोकड उतारावर घाई करू लागलं की म्हणत. पण हळूहळू ते सगळ्यांनाच म्हणू लागले. कंडक्टरने दार आपटलं, "सबूर, काच हाय." शेजारच्या दोघी नळावर भांडू लागल्या, "बाई, सबूर." एकदा मीठ जास्त पडलं म्हणून मी बायकोवर ओरडत होतो. समोरच्या ओट्यावरून आवाज आला, "मास्तर, सबूर. काच हाय."

अप्पांच्या गळ्यात लिंग, पूजेशिवाय पाण्याचा थेंब नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बोलायला बोकडंच होती आणि बोलणं अखंड. कुठल्या वाडीत कुणाची लेक माहेरी आली, कुणाच्या मनगटाला कुठलं माप लागतं, सगळं त्यांना सांगत. विशेषतः काळूला. काळू नावाप्रमाणे काळा, अंगावर एक पांढरा केस नाही, आणि चारांमध्ये सर्वांत जुना. अप्पा काही सांगू लागले की तो कान टवकारून उभा राही. माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी मला उभ्या नोकरीत मिळाला नाही.

त्या काळूशी मी जे केलं, ते लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता आणि माझी नोकरी त्याच सुमारास कायम झाली. गावाकडे राहणाऱ्या आईने त्यासाठी म्हसोबाला काळा बोकड कबूल केला होता. "एकबी पांढरा केस चालायचा न्हाई," तिने बजावलं. मी तीन बाजार फिरलो. कुणाच्या कपाळावर टिकली, कुणाचा खूर पांढरा. घरी परतलो तेव्हा काळू समोर उभा होता.

अप्पा कापायला बोकड देणार नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून मी म्हणालो, "अप्पा, शाळेतल्या पोरांच्या खाण्याची सुकडी इथून खांद्यावर वाहून न्यावी लागते. पाठ मोडली. काळूला देता का?"

ते बराच वेळ काळूची मान खाजवत राहिले.

"पोराइच्या तोंडी घास जायलाय, तर न्हाई कसं म्हणू," ते शेवटी म्हणाले. "शाळेलाच दिला म्हणा." मी किमतीचं विचारलं तर माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "ओझं उतरवलं की 'उतरलं' म्हणत जा, मास्तर. त्याशिवाय त्यो अंग झाडायचा न्हाई. तुमच्या आवाजाला मानंल का, ते मात्र ठावं न्हाई."

लांडग्याने नेला, असं त्यांना नंतर सांगायचं मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

रविवारी डोंगराच्या पायथ्याला, ओढ्याकाठच्या म्हसोबापुढे गावाकडचं सगळं गणगोत जमलं. चुली पेटल्या, मसाला वाटून तयार. भगताने काळूला हळदकुंकू लावलं, गळ्यात हार घातला आणि पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं. बोकडाने अंग झाडलं की देवाने कबूल केलं. त्याशिवाय सुरी लावत नाहीत.

काळूने डोळे बारीक केले आणि उभा राहिला.

त्याला पाणी दिसलं की काय आठवतं, ते तिथे मला आणि माझ्या बायकोलाच ठाऊक होतं, आणि ती चुलीवरून मान वर करत नव्हती. दुसरा तांब्या झाला. तिसरा झाला. कुणी कानात फुंकर मारली, कुणी शेपटी ओढली. काळू खांबासारखा.

"काय तरी चुकलंय," भगत म्हणाला. "ज्याचं असंल त्यानं बोलावं. देव अडून बसलाय."

मग एकेक जण पुढे येऊ लागला. काकू म्हणाली, "मागल्या साली दूध जळालं ते म्या मांजरावर ढकललं." पाणी ओतलं, काळू हलला नाही. चुलतभाऊ उपास सांगून भजी खाल्ल्याचं बोलला. तरी नाही. शेवटी मामा घसा खाकरत उठला आणि धाकट्या भावाच्या शेतातला बांध आपण दोन हात सरकवल्याचं त्याने कबूल केलं. धाकटा भाऊ तिथेच लाकडं फोडत होता.

"दोन?" तो कुऱ्हाड न ठेवता म्हणाला.

"तीन," मामा म्हणाला.

पाणी ओतलं. काळू तसाच. सगळ्यांचं बोलून झालं होतं, राहिलो होतो मी. आई पदराने डोळे पुसत होती. "माझ्या लेकराची नोकरी जाती का आता?" असं ती देवाला विचारत होती. मला ते पाहवेना. मी काळूजवळ वाकलो, हार नीट करतो असं दाखवलं आणि त्याच्या कानात म्हणालो, "उतरलं."

होय, मी म्हणालो. नोकरी कायम झालेला, पोरांना भूतदया शिकवणारा मी.

काळूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अंग झाडलं नाही.

त्यानंतर मी खाली बसलो आणि हा बोकड शाळेचं नाव सांगून खोटेपणाने आणला आहे, एवढं सर्वांसमोर बोललो. कानात म्हटलेलं बोललो नाही, अप्पांच्या रोजच्या तांब्याचंही नाही. "हां, खोट्याचं म्हसोबा खात न्हाई," भगत म्हणाला आणि त्याने हार काढला. आईने नारळ फोडला. गूळ घालून भात शिजला. मामाचं मटणही गेलं आणि बांधही. आईचा शेवटपर्यंत असाच समज होता की, देवाने तिच्या लेकाचं खोटं पकडलं. तिचा तो समज मी कधी दुरुस्त केला नाही.

काळूला घेऊन मी ओढा ओलांडला. पलीकडच्या बाभळीखाली अप्पा बसले होते. उपरणं तोंडावरून घट्ट आवळून मागे गाठ मारलेली. एक क्षण मला वाटलं, त्यांचे दात दुखत असावेत.

काळू त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. अप्पांनी गाठ सोडली. उपरण्यावर दातांचे ठसे होते.

"उतरलं, बाबा," ते म्हणाले.

काळूने अंग झाडलं. थांबून पुन्हा झाडलं, आणि पुन्हा. सगळ्या तांब्यांचं पाणी आमच्या दोघांच्या अंगावर आलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"परवा तुमच्या मालकीणबाईंनी बांगड्या भरल्या. म्हसोबाला जायचंय म्हनल्या."

"मग तेव्हाच का नाही आलात? इथे तरी ओरडायचं."

"मास्तर खोटं बोलायलाय, असं तोंडावर कसं म्हनावं? आन हितं बोललो असतो, तर माझ्या आवाजानं त्याला वाटलं असतं, आता झाडायला हरकत न्हाई." एवढं बोलून ते काळूचे कान पुसू लागले. सूर्य उगवल्यापासून ते त्या बाभळीखाली होते. अप्पा इतका वेळ गप्प राहिल्याचं गावात कुणाला सांगितलं असतं, तर खरं वाटलं नसतं.

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"शनवारी सुकडीची पोती किती हायती?" त्यांनी विचारलं.

त्या शनिवारी अप्पा काळूला घेऊन माझ्या दारात हजर होते. पुढे दर शनिवारी. सुकडी शाळेत पोचवायची, व्हरांड्यात माझ्याबरोबर भाकरी खायची, पोरांना बांगड्यांच्या रंगांची नावं सांगायची आणि मग उतरणीला लागायचं. वाटेत सुकडीलाही "सबूर, काच हाय" चालूच असे.

त्या दिवशी काळूच्या कानात मी काय म्हणालो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पोती खाली ठेवली की मात्र माझ्याकडे वळून म्हणत, "म्हना, मास्तर."

मी म्हणे, "उतरलं."

काळू माझ्याकडे बघे आणि जागचा हलत नसे.

"सबूर. हुईल सवय," अप्पा म्हणत, आणि मग तोच शब्द स्वतः उच्चारत. काळू माझं ऐकतो की नाही हे पाहायला अप्पांना पुढच्या शनिवारी पुन्हा येणं भाग होतं, आणि सवय लवकर व्हावी अशी त्यांना काही घाई दिसत नव्हती.