उमेदवार म्हादू आण्णांचे विचार

म्हादू आण्णा वेळ कधीच घड्याळात सांगत नाहीत. "आण्णा, कधी येताय?" असं विचारलं की म्हणणार, "येतो की, शिंप्याच्या गल्लीच्या पान्याला." म्हणजे त्या गल्लीत पाणी येतं तेव्हा, सकाळी साडेसहाला. तीस वर्षं ते आमच्या ग्रामपंचायतीत पाणी सोडायला होते. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे त्यांच्या हाडात मुरलेलं. आम्हालाही त्या वेळा पाठ, त्यामुळं आमचं काही अडायचं नाही. अडायचं ते परगावच्या माणसाचं. पुतणीला बघायला येणाऱ्या नेसरीकडच्या लोकांना त्यांनी फोनवर सांगितलं, "पावणं, मारुती गल्लीच्या पान्याला या." आमच्या मारुती गल्लीला पाणी संध्याकाळी साडेपाचला यायचं. पण पाहुण्यांच्या गावातही मारुती गल्ली होती, आणि तिचं पाणी यायचं पहाटे. पोरगी दात घासत होती आणि पाहुणे नारळ घेऊन दारात उभे!

दुसरी गोष्ट त्यांची चावी. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. जमिनीतल्या खड्ड्यात घालून व्हॉल्व्ह फिरवायची. आण्णा निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि चावी परत मागायला सगळेच विसरले. तेव्हापासून ती खांद्यावर टाकून आण्णा गावभर फिरतात. लग्नाला जातात, मयताला जातात, दाढी करायला जातात. न्हाव्यानं ती ठेवायला कोपऱ्यात वेगळी जागाच केली आहे.

आमचं गाव कोल्हापूरला अगदी चिकटून. वस्ती वाढत गेली आणि एक दिवस ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली. रात्री आम्ही खेड्यात झोपलो आणि सकाळी शहरात उठलो. गोठ्यातल्या म्हशींना मात्र कुणी कळवलं नव्हतं, त्यांनी शेण रस्त्यावरच टाकलं. पहिली निवडणूक लागली, जो तो उभा राहिला, आणि आमच्या प्रभागातून म्हादू आण्णाही उभे राहिले. अर्ज भरायला गेले तर दारातल्या पोलिसानं अडवलं.

"ओ, हत्यार आत न्यायचं न्हाय."

"हत्यार न्हवं ह्ये," आण्णा म्हणाले, "अनुभव हाय."

त्यांनी नळ हे चिन्ह मागितलं होतं. मिळालं कपाट. "कपाटात पानी कसं सोडायचं?" एवढंच म्हणाले आणि मुकाट्यानं घरी आले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. मी शेजारी, त्यात प्राथमिक शाळेत मास्तर, आणि माझं अक्षर बरं आहे असा एक गैरसमज मीच पसरवलेला. पत्रक काढायचं होतं. वर आण्णांचा फोटो, खाली कपाट, आणि मधे मोकळी जागा: 'माझे विचार'.

"गुरुजी, लिवा," आण्णा म्हणाले. "नळाला चोवीस तास पानी."

मी लिहिलं. वर 'सर्वांगीण विकास' हा शब्द माझ्या पदरचा घातला. तो कुठेही शोभतो.

सकाळी आण्णा परत हजर. "गुरुजी, खोडा. चोवीस तास पानी आल्यावर माणूस वाट कवा बघनार?"

"कशाला बघायची वाट?"

"तसं न्हाय हो. वाट बघाय पायजे की मानसानं कशाची तरी."

खोडलं. मग लिहिलं, घरफाळा वाढू देणार नाही. संध्याकाळी, "खोडा. फाळा न्हाय वाढला तर रस्त्यावरचं दिवं कोन लावनार?" मग लिहिलं, दिवे लावणार, त्यासाठी फाळा थोडा वाढेल. ते दुपारपर्यंतही टिकलं नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना झापलं होतं. आण्णांचं असं आहे, समोरच्याचं त्यांना लगेच पटतं. मग दुसरा भेटतो, त्याचंही पटतं. मी वैतागून विचारलं, "आण्णा, गावाची नगरपरिषद झाली हे बरं झालं की वाईट?"

आण्णांनी चावीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाले, "बरंच झालं. पर व्हायला नको हुतं."

हेच लिहू का म्हटलं तर म्हणाले, "तसं न्हाय. पर तसंच हाय."

प्रचाराची तर तऱ्हाच निराळी. विरोधी उमेदवाराच्या घरी मतं मागायला गेले, चहा पिऊन आले आणि येताना त्याचीच पत्रकं काखेत मारून आले. "त्यो बिचारा म्हनला, आण्णा, तुमी फिरतायच तर वाटा की." आणि वाटली! माझी बायको सुनंदा दारात हसून हसून खाली बसली.

छापखान्याचा माणूस तगादा लावत होता. माझी अर्धी वही खोडण्यात गेली होती. शेवटी माझा पारा चढला. पोरांना ओरडतो तसाच ओरडलो, "आण्णा, तुम्हाला त्या नगरपरिषदेत जाऊन नक्की करायचंय तरी काय? एक, फक्त एक गोष्ट सांगा!"

आण्णांनी चावी खांद्यावर घेतली, उठले, आणि दारात वळून म्हणाले, "एकच हाय गुरुजी. पर ती लिवन्याजोगी न्हाय."

त्यावेळी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, खोडायला एक ओळ कमी. पत्रक छापलं ते असं: 'माझे विचार: सभेत सांगीन. सभा मारुती देवळासमोर, मारुती गल्लीच्या पाण्याला.'

इथं माझी चूक झाली. मास्तर असून मी वेळ घड्याळात घातली नाही. आण्णांच्या जागी नगरपरिषदेनं ठेकेदाराचा नवा माणूस आणला होता. त्यानं व्हॉल्व्हच्या खड्ड्यांवर झाकणं बसवून कुलपं लावली होती आणि सगळ्या वेळा बदलल्या होत्या. आमच्या गल्लीचं पाणी आता सातला यायचं. जुन्या हिशेबाची म्हातारी माणसं साडेपाचला येऊन बसली. नव्या हिशेबाची माणसं म्हणाली, सातला सभा म्हणजे पाणी भरायचं कुणी? म्हणून तीही सहालाच येऊन बसली, लवकर आटपा म्हणाली. आटपायचं काय ते कुणालाच माहीत नव्हतं. आण्णा मधे उभे, एका बाजूला मान हलवत होते, दुसऱ्या बाजूला हात जोडत होते. पावणेसात झाले तरी ते सगळ्यांचं पटवून घेण्यातच होते.

"आण्णा, तुमचं काय ते एक सांगा की," कुणीतरी ओरडलं.

आण्णांनी तोंड उघडलं आणि नेमकं त्याच वेळी, दहा मिनिटं आधीच, गल्लीतून आरोळी आली, "पानी आलं!" बायका पदर खोचून उठल्या. पुरुषही चपला शोधू लागले.

आण्णांनी चावी आडवी धरली, फाटकासारखी. "थांबा. धा मिनिटं थांबा. ह्या धा मिनिटांचंच सांगायचं हाय."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. लोक थबकले.

"मारुती गल्ली आन माळावरचा चढ, एकाच पाइपवर हाय. तुमचं नळ चालू असल्यावर चढाला पानी चढत न्हाय. म्हनून मी तुमचा व्हॉल धा मिनिटं आदी बंद करीत हुतो. रोज. तीस वरसं. तुमचं पानी मी चोरलंय."

पाणी कमी येतं म्हणून आम्ही तीस वर्षं टाकीला शिव्या घालत होतो. सरपंचाला घातल्या होत्या, वरुणराजालाही घातल्या होत्या. आण्णांना एकदाही नाही.

"चढावर शेवटचं घर शिवाक्काचं. एकटी हाय. आता त्यो नवा मानूस दोन्ही संगंच सोडतोय, संगंच बंद करतोय. म्हातारी कळशी घिऊन उतरती खाली. मी गेलतो त्येला सांगाय. म्हनला, तुमी कोन? आता मी कोन, ह्येचं काय उत्तर द्यायचं? म्हनून हुबा ऱ्हायलो. नगरसेवक झालो तर विचारनार न्हाय त्यो."

"आण्णा, तुमची कोण लागते ती?" मागून एकजण खवचटपणे म्हणाला.

आण्णांना खवचटपणा कळला नाही. त्यांनी सरळ उत्तर दिलं. शिवाक्का सीमेपलीकडून नांदायला आलेली, बोलायला लागली की निम्मं कानडी. चढावर पाणी पोचलं की ती दारातून ओरडायची, "तम्मा, बंतु!" म्हणजे, भावा, आलं. ते ऐकल्याबिगर आण्णा चढाचा व्हॉल्व्ह बंद करायचे नाहीत.

"पानी आलं न्हाय म्हनून समदं गाव हाका मारतंय मला," आण्णा म्हणाले. "आलं म्हनून हाक मारनारी ती एकटीच."

दहा मिनिटं कधीच संपली होती. लोक घरी पळाले.

आण्णा पडले. पडले म्हणजे असे की कपाटाला मिळालेली मतं एका कपाटात बसली असती आणि वर जागा उरली असती. आमच्या गल्लीनं तर हात अगदीच आखडला. चोरी कबूल करून मत मागणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला होता. मी कुणाला मत दिलं ते विचारू नका. मला लाज वाटते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी आलं. सुनंदानं बॅरल लावला. तो भरायला वीतभर बाकी होता आणि तिनं नळ बंद केला.

"अगं, पाणी आहे अजून," मी म्हणालो.

"माहीत आहे मला. दहा मिनिटं उरलीत."

बाहेर येऊन पाहिलं, तर समोरच्या तानूबाईनंही नळावरची नळी काढली होती. तिच्या शेजारणीनंही. सगळ्या गल्लीनं नाही, दोन घरांतून तर मुद्दाम अंगण धुतल्याचा आवाज येत होता. कोपऱ्यावर, कुलूप लावलेल्या झाकणावर आण्णा बसले होते, चावी मांडीवर आडवी. मी जाऊन शेजारी बसलो. ते माझ्याकडे बघतही नव्हते. चढाकडे कान लावून होते.

बराच वेळ काही नाही. मग लांबून, अगदी बारीक आवाजात आलं, "तम्मा! बंतु रे, बंतु!"

आण्णा ताडकन उठले. "बरं, आक्का!" असं एवढ्या मोठ्यानं ओरडले की देवळावरची कबुतरं उडाली. मग खाली बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "गुरुजी, लिवा."

"काय लिहू, आण्णा?"

"पानी आलं."

मी थोडा वेळ थांबलो. खोडा म्हणाले नाहीत.