जुना संकलक काढून टाकावा

"'कंपायलर' खोडा," तोतारामआबा म्हणाले. "मराठीत लिहा."

लीलाधर नेहेतेने मुकाट्याने खोडलं. केळी उत्पादक संघाच्या जळगाव कार्यालयात संगणक काय तो त्याला एकट्याला कळत होता, पण आबा संघाचे सचिव होते. धुळ्याच्या शाखेला नुकताच एक संगणक मिळाला होता, तोही वापरलेला आणि तब्येतीने किरकोळ. प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं सगळं बिऱ्हाड त्यात मावणार नव्हतं. म्हणून नुसता कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा भाग, आणि त्याची सुटी अवजारं तेवढी टाकायची आणि पडद्यावर हुकूम लिहून ती चालवायची, असा बेत होता. हे कसं करायचं ते धुळेकरांना आधी लिहून कळवायचं, फ्लॉपी मागाहून पाठवायची. काम एवढंच. पण आबांनी कपाटातून परिभाषाकोश काढला, आणि कंपायलरचा 'संकलक' झाला, कमांडची 'आज्ञा' झाली, पडद्यावरच्या विंडोंच्या 'खिडक्या' झाल्या. खाली सही मात्र लीलाधरची.

एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. धुळ्याच्या शाखेत गावोगावचे केळीचे भाव गोळा करून तक्ते बनवणारे गिरधरनाना झोपे होते, आणि त्यांच्या हुद्द्याचं नावच मुळी 'संकलक' होतं. आबांचं सोडा, पण लीलाधरला तरी सुचायला हवं होतं, कारण नानांच्या इंदिरेशी त्याची सुपारी फुटलेली होती. पण मुलीकडे बघताना तिच्या वडिलांचा हुद्दा कोण बघतो!

आठवड्याने शाखेचे व्यवस्थापक देवचंदभाऊ यांचा फोन आला.

"लीलाधरराव, तुमच्या कागदाप्रमाणे सगळी तयारी झाली. नवा संकलक कधी येतोय?"

"आजच पाठवतो. जागा केलीत ना?"

"केली तर! जुना काढूनसुद्धा टाकला."

"वा! काही त्रास नाही ना झाला?"

"आम्हाला नाही हो. त्यालाच झाला. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्याच्या."

"कोणाच्या?"

"कोणाच्या म्हणजे? गिरधरनानांच्या!"

लीलाधरने फोन ठेवला आणि कागदाची प्रत काढून नव्या नजरेने वाचली. 'जुना संकलक असल्यास तो आधी काढून टाकावा, अन्यथा नवा नीट बसत नाही. नवा संकलक मागाहून येईल. त्यास स्वतंत्र बसवावे. त्याला खिडक्या लागत नाहीत. अवजारे त्याच्याजवळच ठेवावीत. आज्ञा दिल्याखेरीज तो काहीही करत नाही.' ओळीगणिक त्याला जास्त घाम फुटत गेला. लग्नाआधीच सासऱ्याची नोकरी खाणारा जावई उभ्या खानदेशात तो पहिलाच असावा. फ्लॉपी पिशवीत टाकून तो तसाच धुळ्याच्या एसटीत चढला.

शाखेच्या फाटकात वना शिपाई वाट बघत उभाच होता. जळगावची पिशवी घेतलेला तरुण दिसताच तो आत तोंड करून आल्याची वर्दी देत ओरडला, "उना! नवा संकलक उना!"

लीलाधर 'अहो, अहो' म्हणेपर्यंत गळ्यात हार पडला. वनाने त्याला हाताला धरून मागच्या कोठीत नेलं आणि एका खुर्चीवर दाबून बसवलं. कोठीत मिट्ट अंधार. भिंतीशी कुदळ, फावडं, टिकाव आणि दोन विळे ओळीने मांडलेले.

"कागदमा लिखेल शे तसं बठ्ठं करं," वना अभिमानाने म्हणाला. "एक बी खिडकी नही, देखा!"

"आणि ही अवजारं कशाला?"

"ते तुमलेच मालूम. आते साहेब आज्ञा देतीन. तोपावत काहीच करू नका."

तेवढ्यात कपाटाच्या किल्ल्या घेऊन गिरधरनाना दारात आले. नव्या माणसाला चार्ज द्यायला त्यांना थांबवून ठेवलं होतं. खुर्चीत हार घालून बसलेला आपला होणारा जावई बघून ते जागीच थबकले.

"बरं झालं," नाना म्हणाले. "परका नाही आला. घरच्याच मानसानं खुर्ची घेतली. सही बी तुमचीच होती म्हना." त्यांनी किल्ल्या पुढे केल्या. "फक्त एक सांगा, जावईबापू. इंदीच्या मायले मी काय सांगू?"

लीलाधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने हार ओरबाडून काढला. "नाना, संकलक मी नाही हो! संकलक पिशवीत आहे!"

त्याने फ्लॉपी बाहेर काढली. नानांनी ती दोन्ही बाजूंनी उलटून बघितली.

"याच्यापायी मले काढलं?"

देवचंदभाऊ धावत आले. सगळा खुलासा ऐकून त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि डोकं खाजवलं. "मग काढायचा होता तो कोण?"

"तो संगणकात आहे, भाऊ. आधीच्या मालकाने टाकलेला."

सगळे संगणकाभोवती जमले. लीलाधरने आज्ञा दिली, जुना संकलक पुसला गेला, नवा मुकाट्याने बसला, आणि लीलाधरने लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमवरून नानांनीच केलेल्या भावांच्या तक्त्याची बेरीज संगणकाने बिनचूक करून दाखवली. देवचंदभाऊंनी नानांच्या देखत कार्यमुक्तीचा आदेश टराटरा फाडला आणि वनाला गरम भजी आणायला पिटाळलं. नानांनी किल्ल्या पुन्हा कमरेला खोचल्या तेव्हा कुठे लीलाधरच्या जिवात जीव आला.

भजी आली तरी नाना मात्र पडद्याकडेच बघत होते.

"तो जुना गेला?"

"गेला, नाना."

"काही चुकलं होतं त्याचं?"

"नाही. जुना झाला होता, एवढंच."

"मंग नोटीस तरी द्याची होती त्याले," नाना हळहळले, आणि एक भजं त्यांनी जरा उशिरानेच तोंडात टाकलं.

लीलाधरने तिथेच बसून नवा कागद लिहिला. त्यात कंपायलरला कंपायलरच म्हटलं, आणि नानांनी ओळ न् ओळ वाचून मान डोलावल्यावरच तो फायलीला लावला. लग्नही ठरल्या तिथीला झालं.

नाना निवृत्त होईपर्यंत त्यांच्या टेबलावर रंगवलेली एक पत्र्याची पाटी होती: 'गिरधर झोपे, संकलक (मनुष्य). काढू नये.' खाली सही, नानांनी मांडवातच करून घेतलेली, लीलाधर नेहेतेची.