जानूची युनियन

आमच्या वाडीत रोज सकाळी सात वाजता गिरणीचा भोंगा होतो. गिरणी मुंबईला होती. ती बंद पडली, मोडली, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. भोंगा मात्र जानू गावाला घेऊन आला. तोंडाने देतो. ओटीवर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि असा ओरडतो की वर सड्याच्या माळावरची कुत्री त्याला साथ देतात. वाडीत नवी सून आलेली असली तर ती बिचारी देवाचं नाव घेत उठते.

मी एकदा विचारलं, "जान्या, तुझ्या भोंग्यावर कामाला जाणार कोण?"

म्हणाला, "कामाला जायासाठी नाय. भोंग्याच्या आधी जो राबतो तो फुकट राबतो, येवढं त्याला कळाया पायजे."

जानू आणि मी एकाच वर्गात होतो. दोघांनी शाळा तिसरीत सोडली. तो मुंबईला गेला, मी वडिलांच्या हापूसच्या कलमांकडे राहिलो. म्हणून तो कामगार आणि मी मालक. शिक्षण सारखंच. मालक हा शब्द तो असा उच्चारतो की जणू माशाचा काटा दातात अडकलाय. पूर्णगडाकडून आमच्याकडे वर येणाऱ्या रस्त्यावर कुणालाही माझं घर विचारा, सांगतील, पुढचं घर जानूचं, ओरडणं ऐकू येईल, त्याच्या अलीकडचं.

गिरणीत जानू युनियनचा माणूस होता. गावाला आला आणि त्याने दिसेल त्याची युनियन केली. पहिली बैलांची. चार घरांत मिळून बैलांची जोडी एक. जानू म्हणाला, दुपारी जेवणाची सुट्टी पाहिजे. मी म्हटलं, बैलांनी अर्ज केलाय काय? तर म्हणतो, "ते अडाणी हायेत, म्हणून तर पुढारी लागतो." माझी बायको पदरात तोंड घालून हसली. बैल तेवढे सुट्टीला सोकावले. आता सूर्य डोक्यावर आला की बसतात आणि मारलं तरी उठत नाहीत, जानूकडे बघतात.

मग त्याच्या पुतणीचं लग्न. आमच्याकडे पंगतीला वाडीतलीच पोरं वाढतात आणि सगळ्यांचं आटोपल्यावर जेवतात. जानूने त्यांची युनियन केली. नवऱ्याकडची माणसं हेदवीहून आलेली, पानं मांडून बसली, आणि वाढपी मांडवामागे आरामात जेवत होते. व्याही लाल झाला. जानू हात जोडून म्हणाला, "पाव्हणे, मागणी रास्त हाय. उपाशी वाढपी कढी पानात वाढत नाय, मांडीवर वाढतो." त्या लग्नात कुणाच्या मांडीवर कढी सांडली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण जानूला तसं सांगितलं नाही. उगाच माजला असता.

यंदा तो माझ्या बागेत आला.

आंबा काढायला शेजारच्या वाडीचे गडी येतात. बांबूच्या टोकाला जाळी बांधलेला झेला घेऊन वर चढतात. गेल्या साली दुसऱ्या एका बागेत एक गडी घसरून पडला, पाय मोडून घरी बसला. जानू म्हणाला, जो चढेल त्याच्या कमरेला दोर पाहिजे आणि दुसरं टोक धरायला खाली माणूस पाहिजे.

मी म्हटलं, "माझ्या बापाने दोर बांधला नाही, आज्याने नाही. आंबा काढायचाय की शेळ्या बांधायच्यात?"

"मंग संप," जानू म्हणाला, आणि गडी खरोखरच झाडाखाली बसले.

आंबा देठाला आलेला. अजून दोन दिवस राहिला तर आपोआप पडणार, आणि पडलेला हापूस कुणी पेटीत घेत नाही. माझं वर्ष त्या झाडांवर लोंबत होतं. जानू मला अर्थशास्त्र शिकवत होता. "मालक, गडी धडधाकट राह्यला तर कमावंल. कमावंल तर बाजारात जाईल, चप्पल घेईल. चप्पलवाला तुजा आंबा घेईल. अशी देशाची गाडी चालते."

"चप्पलवाला माझा साडू आहे. तो आंबा फुकट नेतो."

"त्याला युनियनमदे घ्यायचा नाय," जानू म्हणाला.

बायको म्हणाली, "अवो भावजी, संप मागाहून करा. आदी गाऱ्हाणं तरी घाला. देव काय संपावर नाय." बरोबर होतं. झेला लावण्याआधी बागेच्या राखणदाराला, म्हणजे बांधावरच्या देवाच्या दगडाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. एकजण मोठ्याने देवाला सांगतो, बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. आता वाडीत तेवढा गळा एकट्या जानूचा. बाकीचे गळे मुंबईला गेले.

जानू उभा राहिला. "बा देवा, तुजी लेकरं तुज्या पायाशी आली हायेत."

"व्हय म्हाराजा."

"वाऱ्यापावसापासून बाग राख."

"व्हय म्हाराजा."

"माकडाला दुसऱ्याची वाट दाखव."

"व्हय म्हाराजा," मी सगळ्यांत जोरात.

"जो कोण झाडावर चढंल, त्याच्या कमरेला दोर आन् खाली धरणारा, मालकानं आपल्या राजीखुशीनं द्यावा."

"व्हय म्हाराजा."

फट्कन नारळ फुटला. गडी माझ्याकडे बघायला लागले. बायको म्हणाली, "तुमीच व्हय बोललाव."

बोललो होतो. साठ वर्षांची जिभेची सवय. आणि देवापुढे दिलेला शब्द मी फिरवत नाही, जानूपुढे तर नाहीच. मी गोठ्यातून दोर काढून दिला. गडी हसत झाडांकडे पळाले. खालून टोक धरायला बायको स्वतः गेली. युनियनमध्ये तीही होती, हे मला तेव्हा कळलं.

जानू मात्र राखणदारापुढून हलला नाही. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं, हा आता गड्यांसाठी दुधाचा चहा मागतोय. मी मागून जवळ गेलो, हळूच. भोंगा देणारा माणूस कानाला लागून बोलावं तसं बोलत होता.

"...माजी बायको तिकडं मुंबयला पोराकडं ऱ्हायली, ती बरी हाय. माजे गिरणीतले एकएक करून गेले. हा मालक तोंडाचा वाईट हाय, पन सकाळपासून माज्याशी भांडतो तरी. ह्याला माज्या आधी नेऊ नको, म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून कुणीतरी व्हय म्हणावं लागतं. नाहीतर ते अर्धं राहतं. गडी सगळे झाडांवर होते, बायको दोर धरून वर बघत होती.

मी घसा खाकरला.