पाव भागाची हजेरी

माणूस एक आहे म्हणून तो एकाच ठिकाणी वापरावा, ही जुन्या काळची उधळपट्टी होय. आमच्या खुर्च्यांच्या कारखान्याने ती वेळीच थांबवली आणि सगळ्यांना निरनिराळ्या टीममध्ये वाटून टाकलं. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' असं कोणी म्हणू नये, म्हणून चिंध्यांना 'टक्के' म्हणायचं ठरलं.

खुर्च्यांची रेखाटनं करणारा आमचा आरेखक चार टीमच्या वाट्याला आला: आराम, मजबुती, देखणेपणा आणि काटकसर. प्रत्येकी पंचवीस टक्के. (डोकं कोणाकडे आणि पाय कोणाकडे, याबाबत परिपत्रक मौन बाळगून होतं.) सकाळी आराम टीमतर्फे तो खुर्चीची पाठ रुंद करी, दुपारी काटकसर टीमतर्फे तीच अरुंद करी आणि निघताना चारही प्रमुखांना प्रगती कळवी. ती खरीच होती. पूर्वी एका पाठीवर इतकं काम होत नसे.

त्याच्या बायकोने ही सगळी व्यवस्था शांतपणे ऐकून घेतली आणि ती म्हणाली, "आम्हाला किती टक्के, ते एकदा लेखी आणून दे."

अडचण आली ती मुलीच्या पोहण्याच्या शर्यतीमुळे. गेल्या वर्षापर्यंत गुडघाभर पाण्यालाही घाबरणारी ती पोर पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार होती, आणि बापाने यायचं कबूल केलं होतं. त्याने चौघांकडे रजा मागितली. तिघे उदार निघाले. "आमचा पाव भाग खुशाल जाऊ दे," म्हणाले. काटकसर टीमच्या बाई मात्र अडून बसल्या.

"त्याच वेळी आमची बैठक आहे. माझा पाव मला हवा."

"पण बाई, मी एकच आहे हो."

"तसं सगळेच म्हणतात."

अखेर पाऊण आरेखकाची रजा मंजूर झाली. उरलेल्या पावाने फोनवरून बैठकीला बसायचं ठरलं.

तलावाच्या काठावर तो एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभा राहिला. बैठकीत प्रश्न गंभीर होता: खुर्चीच्या पायांना जोडणारी आडवी पट्टी काढून टाकावी का? त्यासाठी मजबुती टीमची संमती लागे, आणि त्या टीमतर्फे बोलणारा पाव रजेवर होता. इतक्यात शिट्टी वाजली. मुलीने उडी मारली. अर्ध्यावर तिच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि ती दोरी धरून थांबली. बापाला फोनचं भानच राहिलं नाही.

"कशाला घाबरतेस? मी आहे ना! होऊन जाऊ दे!"

बैठक क्षणभर गहिवरली. मग टाळ्या झाल्या. "बघा," बाई म्हणाल्या, "रजेवर असूनही मजबुती टीमने पाठिंबा दिला." आडवी पट्टी एकमताने गेली.

मुलगी सर्वात शेवटी पोहोचली, पण पोहोचली. धापा टाकत तिने विचारलं, "बाबा, पाहिलंस?"

"अख्खं पाहिलं," तो म्हणाला. फोन तोवर टॉवेलात गुंडाळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी मजबुती टीमतर्फे त्याने लेखी आक्षेप घेतला. तो उत्तरासाठी काटकसर टीमच्या आरेखकाकडे, म्हणजे त्याच्याकडेच आला. आक्षेप रास्त असल्याचं त्याने तत्परतेने कळवलं. पण दोघांचं जमेपर्यंत देखणेपणा टीमने त्या खुर्चीचं 'हलकीफुलकी' असं बारसं करून ती बाजारात नेली होती. या टीमभावनेबद्दल आरेखकाचा सत्कार झाला आणि त्याला पाचवी टीम मिळाली.

खुर्ची हातोहात खपली. आरेखक हल्ली घरी सतरंजीवर बसतो. वाचकहो, हे वाचताना आपण कशावर बसला आहात, मला ठाऊक नाही. पण मनमोकळं हसायचं असेल, तर आधी उभे राहा.