मेलेल्यांचं दही

रविवारी सकाळी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढताना धम्मपालला दिसलं, की पावडरच्या पुडीचं तोंड उघडं आहे आणि आत चमचा फिरून गेला आहे. इंदिरानगरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात असा चमचा फिरवणारी व्यक्ती एकच होती, त्याची आई चांगुणाबाई. त्या ओट्याशी कांदा चिरत होत्या. दुपारी त्यांचा भाऊ, सावळीराममामा, जेवायला येणार होता आणि त्याला कढी लागते हे त्यांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं.

धम्मपाल अंबडच्या एका प्रयोगशाळेत कामाला होता. तिथे दह्यातल्या जातीच्या, पण उष्णता देऊन मारलेल्या जिवाणूंची पावडर पांढऱ्या उंदरांना खाद्यातून द्यायची आणि त्यांना काही अपाय होतो का ते पाहायचं, असं काम चाललं होतं. डाव्या रांगेतल्या उंदरांना पावडर घातलेलं खाद्य, उजव्या रांगेला नुसतं. दोन्ही रांगा सारख्याच टुणटुणीत राहिल्या, की पावडर निर्धोक. राहिल्याही होत्या. सोमवारी अहवालावर सही झाली, की धम्मपालची नोकरी कायम होणार होती. शनिवारी तिथल्या औद्योगिक वसाहतीत वीज बंद, म्हणून उरलेली पुडी त्याने घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. हे नियमात बसत नव्हतं, पण वीज तरी कुठे नियमाने येत होती.

"आई, यातली पावडर घेतलीस का?"

"चमचाभर. घरात विरजण नव्हतं. तूच म्हणला होता ना, दह्यातले जीव हायेत त्यात."

"अगं, मेलेले आहेत ते. त्यांनी दही लागत नाही."

"मग हे काय?" म्हणत आईने पातेलं त्याच्यापुढे कलतं केलं. दही जागचं हललं नाही.

धम्मपालच्या पायाखालची वाळूच सरकली. दही लागलं, म्हणजे जिवाणू जिवंत होते. म्हणजे उंदरांनी इतके दिवस जिवंत जिवाणू खाल्ले आणि अहवालात मात्र मेलेल्यांचं गुणगान. नोकरी कायम होणं दूरच, आहे तीही जायची वेळ आली होती.

आईला यातलं काही सांगायची सोय नव्हती, कारण तिला दह्याचाच अभिमान वाटत होता. मामा आले, तेव्हा धम्मपालने त्यांना कढीपासून परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि त्या नादात सगळी हकिगत सांगून बसला. मामांनी ती लक्ष देऊन ऐकली. उंदरांना चालतं ते बहिणीच्या घरी आलेल्या माणसाला न चालायला काय झालं, असं म्हणून त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली.

जेवणं झाल्यावर धम्मपालमधला संशोधक जागा झाला. त्याने दोन वाट्या खळखळत्या पाण्यातून काढल्या, दोन्हींत उकळून कोमट केलेलं दूध ओतलं, एकीत पावडर घातली आणि दुसरीत काहीच नाही. उन्हाळ्याचे दिवस, संध्याकाळपर्यंत काय ते कळणार होतं. मग तो मामांना बसमध्ये बसवून द्यायला गेला.

परत येऊन पाहतो, तर दोन्ही वाट्यांत दही. पावडरवालीत लागलं हे वाईट होतं, पण नुसत्या दुधाचं लागावं हे अजबच होतं. भीती बाजूला राहिली आणि कुतूहलाने त्याला घेरलं. तो वाट्या उजेडात धरून फिरवत बसला.

"काय एवढं बघतो? एका वाटीत तर तू काहीच घातलं नव्हतं," आई म्हणाली. "दूध नासलं असतं. शुभांगीकडचं विरजण लावलं मी दोन्हीत."

शुभांगी शेजारच्या घरातली. धम्मपालने वाट्या खाली ठेवल्या. "आणि काल रात्री?"

"काल पण. पुडीतल्या पावडरीच्या भरवशावर भावाची कढी सोडू का मी? तू पावडरीचं विचारलं, मी पावडरीचं सांगितलं."

धम्मपालला इतका आनंद झाला, की त्याने दोन्ही वाट्या साखर घालून फस्त केल्या. जिवाणू मेलेलेच होते, नोकरी जिवंत होती. पण अंथरुणावर पडल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्या घरात नुसत्या दुधाची वाटी एक दुपार नुसती राहिली नाही. मग तिकडे, प्रयोगशाळेत?

सोमवारी तो थेट उंदरांच्या खोलीत गेला. पेठ तालुक्याकडच्या नवसाबाई पिंजरे पुसत होत्या. उंदरांचं खाणंपिणं त्यांच्याकडेच असे. उजव्या रांगेला आपण नुसतंच खाद्य देत होतो ना, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

नवसाबाईंनी फडकं खाली ठेवलं. "पहिल्या दिशी दिलं साहेब, तुम्ही सांगितलं तसं. पण ती डावीकडची खायची आन ही जाळीला नाक लावून बघायची. एका पंगतीत एकाला वाढायचं न् एकाला नाय, हे मला नाय जमलं. मंग दोन्ही डबे एकातच कालवायला लागले मी."

धम्मपालला रागावायचं होतं. त्याने उजव्या रांगेकडे पाहिलं आणि राग येईना.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख ललित सर अहवाल घेऊन आत आले. ते भलतेच खुशीत होते. दोन रांगांत काडीचाही फरक नाही, इतका स्वच्छ निकाल उभ्या नोकरीत पाहिला नाही, असं म्हणत त्यांनी पेन पुढे केलं.

धम्मपालने पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत दिलं.

"सर, नवे उंदीर मागवावे लागतील. आणि या वेळी दोन रांगा दोन वेगळ्या खोल्यांत बसवू."