खुनी मामाच

शनिवारच्या बैठकीला औषधांच्या दुकानातल्या ताई कादंबरी पोटाशी धरून आल्या आणि ती खाली ठेवायला तयार होईनात. ग्रंथपाल बाईंनी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा ताईंनी पुस्तक या बगलेतून त्या बगलेत घेतलं आणि हवेबद्दल काहीतरी बोलल्या.

वाचनालयाची रीत ठरलेली होती. दर शनिवारी संध्याकाळी आठवड्यातली नवी पुस्तकं लांब टेबलावर मांडायची, ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं आणि पुढच्या शनिवारी ते कसं वाटलं हे सगळ्यांना सांगायचं. कुणाला पुस्तक आणखी आठवडाभर ठेवून घ्यायचं असेल तर ग्रंथपाल बाई विचारत, "आणखी कुणाला हवंय का?" एक हात जरी वर झाला तरी पुस्तक गेलं. या नियमापुढे खुद्द वाचनालयाच्या अध्यक्षांचंही काही चाललं नव्हतं.

आणि ताईंची कादंबरी निम्मीच वाचून झाली होती. सगळा आठवडा दुकानात मालाची मोजदाद चाललेली, त्यात घरी नणंद मुक्कामाला. चार पानं होईपर्यंत डोळे मिटत. कादंबरी मात्र अशी की जीव टांगणीला लागावा. मोठ्या घरातल्या आजोबांना जेवताना कुणीतरी विष घातलेलं, घरातला प्रत्येक जण थापा मारतोय आणि इन्स्पेक्टर नुकताच म्हणालाय की आता मला सगळं कळलं. नेमक्या तिथे ताईंची खूण होती. परवा एक सून सासऱ्यांच्या गोळ्या न्यायला आली, तर ताईंनी तिला उगाच चार प्रश्न विचारले.

एवढं पुस्तक हातचं जाऊ द्यायचं नाही, हे त्यांनी वाटेतच पक्कं केलं होतं. युक्ती सोपी होती. पुस्तकाची इतकी निंदा करायची की कुणी हात वर करणारच नाही.

"काय सांगू," त्यांची पाळी आल्यावर त्या म्हणाल्या, "फार रटाळ आहे हो. दोन पानांत माणूस झोपतो."

दातांच्या डॉक्टरांचा हात लगेच वर गेला. "मग मला द्या. महिना झाला, डोळ्याला डोळा नाही माझ्या."

ताईंनी पुस्तक आणखी घट्ट धरलं. "अहो, तशी झोप नाही. म्हणजे रडकं पण आहे. सगळे नुसते दुःखात."

"अगंबाई," शिवणकामाच्या काकू म्हणाल्या, "कधीपासून एक चांगलं रडायचं पुस्तक शोधतेय मी. डॉक्टरांनंतर माझा नंबर."

"चुकाही आहेत त्यात," ताई घाईघाईने म्हणाल्या. "यंत्रांबिंत्रांबद्दल सगळं चुकीचं लिहिलंय."

बोलू नये ते बोलून गेल्या. निवृत्त इंजिनियर, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते आतापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्याच्या चुका म्हटल्यावर त्यांनी चष्मा नीट केला आणि हात वर केला.

आता ताईंचा तोल गेला. रहस्यकथेचा शेवट सांगितला की तिला कुणी हात लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शेवट त्यांनाच माहीत नव्हता, पण ते इथे कोणाला माहीत होतं? कादंबरीत एक मामा होता. चाकाच्या खुर्चीत बसून असायचा आणि दर जेवणाला मीठ मागायचा, इतकंच त्याचं काम. याच्यावर तर लेखकालाही संशय येणार नाही, असा हिशेब करून ताईंनी ठोकून दिलं, "आणि खून मामाने केलाय. घ्या, आता काय वाचणार?"

काकूंनी कपाळाला हात लावला. मग साहेब म्हणाले, "चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने? स्वयंपाकघरापर्यंत गेला कसा तो? हे तर बघायलाच हवं."

"मलाही," डॉक्टर म्हणाले.

"तीन हात," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि ताईंच्या बगलेतून कादंबरी अलगद काढून घेतली. ताईंनी ती सोडली तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे त्यांना घरी जाताना कळलं. पण धोंडा किती मोठा होता ते पुढच्या शनिवारी समजलं. रहस्यकथेबद्दल बोलताना बैठकीत शेवट कधी फोडत नसत. या कादंबरीचा मात्र ताईंनी स्वतःच फोडला होता, तेव्हा आता आडपडदा कशाला, असं सगळे धरून चालले. कान झाकावेत तरी पंचाईत. शेवट सांगितला म्हणजे पूर्ण वाचलंय असंच झालं ना.

"ताई म्हणाल्या ते खरं," डॉक्टरांनी सुरुवात केली. ते फार ताजेतवाने दिसत होते. "खुनी मामाच. लेखकाने काय खुबीने दाखवलंय."

ताई थिजल्या. आपण मारलेली थाप खरी निघाली? हजार थापांतली नेमकी तीच सुचावी? इतका राग त्यांना जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायचा कुणावर तर स्वतःवरच.

त्याच्या पुढच्या शनिवारी काकू म्हणाल्या, "मामाला पकडून नेतात ना, तिथे रुमाल ओला झाला माझा." त्याच्याही पुढच्या शनिवारी साहेब म्हणाले, "खुर्चीचा प्रश्न लेखकाने बरा सोडवलाय. तपशिलात जात नाही. पण मामाच." ताई दर वेळी मान डोलावत राहिल्या आणि आतल्या आत दातओठ खात राहिल्या.

शेवटी कादंबरी परत टेबलावर आली. कुणी हात वर केला नाही. शेवट कळलेली कादंबरी शिळीच की, असं म्हणत ताईंनी ती तरीही उचलली. निम्मं वाचून सोडलेलं पुस्तक त्यांना झोपेत दिसायचं.

रविवारी दुपारी त्यांनी खूण काढली आणि पुढचं प्रकरण उघडलं. पहिल्याच परिच्छेदात मामा मेला.

ताईंनी तो परिच्छेद तीनदा वाचला. मामाला कुणीतरी जिन्यावरून ढकललं होतं, खुर्चीसकट. मेलेला मामा पुढे मीठसुद्धा मागत नव्हता. म्हणजे डॉक्टर, काकू, साहेब, कुणी म्हणजे कुणीच निम्म्याच्या पलीकडे गेलं नव्हतं. प्रत्येकाने ताईंची थाप उचलून आपली म्हणून सांगितली होती, आणि या साऱ्यांना त्या महिनाभर जाणकार समजत होत्या.

संतापून त्या पुढे वाचत गेल्या, आणि हळूहळू संताप विसरल्या. शेवटच्या पानावर खुनी कोण ते कळलं तेव्हा त्या उठून उभ्याच राहिल्या. असा शेवट त्यांनी आयुष्यात वाचला नव्हता. तो कुणाला तरी सांगावा म्हणून जीव नुसता तडफडत होता. पण बैठकीत सांगायचं कसं? बाकीचे खोटं बोलले म्हणावं, तर आधी कोण बोललं होतं?

राहिला नवरा. त्याने आयुष्यात पंचांगाखेरीज काही वाचलं नव्हतं, पण आज तोही चालणार होता. तो दाढ दाखवून नुकताच आला होता. त्याला समोर बसवून ताईंनी कादंबरी पहिल्यापासून सांगितली. तो गाल धरून ऐकत होता. शेवटी त्यांनी आवाज खाली आणून खऱ्या खुन्याचं नाव सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"काहीतरीच," नवरा म्हणाला. "खून मामाने केला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. दाढ कोरताना सगळी गोष्ट सांगितली त्यांनी. तू अर्धवट वाचतेस आणि वर आम्हाला शिकवतेस."

ताईंनी मामा मेल्याचं पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने ते हळूच बाजूला सारलं.

"अगं, ते शिकलेले लोक आहेत," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "वाचल्याशिवाय बोलतील का?"