आबांचे पाव्हणे

"पाव्हणं आल्यात!" अशी आरोळी ऐकली की कोणीही दाराकडे बघेल. आमच्या लॅबमध्ये मात्र सगळे आबांच्या मायक्रोस्कोपकडे बघायचे. कोणाच्या तरी शौचाच्या नमुन्यात आबांना जंताची अंडी सापडलेली असायची. मग ते खुर्ची मागे सारून आदबीने म्हणायचे, "या डॉक्टर, भेटून घ्या. लय लांबनं आल्यात, आटपाडीहून." माझ्या हातात चहाचा कप असला तरी तो ठेवून मला जाऊन भेटावं लागे.

आबा खराडे माझे टेक्निशियन. मूळचे मेढ्याजवळच्या एका वाडीचे. लष्कराच्या इस्पितळांतल्या लॅबमध्ये वीस-बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी सांगलीचा, नुकताच एम.डी. होऊन मिरजेत लॅब टाकलेली. ही गोष्ट ब्याण्णव-त्र्याण्णवची. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे आम्हाला नमुन्यांनाही नव्हता. खेड्यातली माणसं नमुना काडेपेटीतून आणायची, आणि आबा पेटी उघडण्याआधीच माणूस ओळखायचे. दोऱ्याने चारी बाजूंनी करकचून बांधलेली पेटी मास्तरांची. गच्च भरलेली पैलवानाची. "लय उदार गडी," आबा म्हणायचे. आणि कडेला दोन-चार काड्या तशाच राहिल्या असतील तर, "ह्यो काटकसरी. ह्येला पेटी माघारी पायजे आसंल." एकदा खरंच एक जण पेटी मागायला आला.

बुटांना रोज पॉलिश, मिशीला तेल, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर. "तोंडी रिपोर्ट म्हंजी अफवा," हे त्यांचं ब्रीद. खालच्या हॉटेलात चहा सांगायचा तरी चिठ्ठी जायची: 'चहा दोन, साखर कमी', खाली सही. हॉटेलवाल्याने त्या चिठ्ठ्या तारेला अडकवून ठेवल्या होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

पेशंट वैतागायचे ते आबांच्या चौकशांना. नमुना घेतला की सुरू: "दमा हाय का? अंगावर पित्त उठतं? परसाकडंला रगत पडतं?" बँकेतल्या एक बाई भडकल्या. म्हणाल्या, "मी जंतांची तपासणी करायला आलेय, माझ्या दम्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"तेच म्हंतोय मी," आबा म्हणाले. "जंत न्हाईत तुमाला. म्हणून तर दमा!"

बाई तरातरा माझ्या केबिनमध्ये आल्या. त्यांची समजूत घालता घालता माझी सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी आल्याआल्या मी आबांना फैलावर घेतलं, तेव्हा त्यांनी मला सगळा सिद्धान्त ऐकवला.

"आवं डॉक्टर, पलटणीला दुश्मन न्हाई घावला तर जवान काय करत्यात? ब्यारकीत एकमेकांची डोस्की फोडत्यात. अंगातली पलटण बी तशीच. रिकामी बसली की आपल्याच घरात जाळपोळ. कुटं छातीत, कुटं आतड्यात. आन् पाव्हणा हुशार आसतो. त्येला वरीस-दोन वरीस मुक्काम करायचा आसतो, म्हणून आल्याआल्या तो पहारेकऱ्यांस्नी गप करतो. त्यात बाकीची भांडणं बी मिटत्यात."

"आणि पाहुणा रक्त पितो, त्याचं काय?"

"पितो की. पाव्हणा म्हटल्यावर जेवणारच."

मला हसू आवरेना. पदवीची शाई वाळली नव्हती, जीभ मात्र चुरूचुरू चालायची. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "म्हणजे आबा, पोरांना जंताचं औषध पाजणारे आईबाप गुन्हेगारच म्हणायचे!" सगळी लॅब हसली. आबा हसले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच म्हणायचं." मायक्रोस्कोपवर कापड टाकून ते जेवायला निघून गेले. तेव्हा सकाळचे अकराही वाजले नव्हते. म्हाताऱ्याला राग आला, एवढंच मला वाटलं.

दर सोमवारी आमच्याकडे पहिला नमुना एकाच माणसाचा असे. 'सखाराम जावळीकर, वय ५४.' त्यात हुकवर्मची अंडी, महिन्यागणिक जास्त. हुकवर्म म्हणजे अनवाणी पायातून अंगात शिरणारा आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. सात-आठ महिने मी त्या रिपोर्टवर सही करत होतो. संध्याकाळी गठ्ठा समोर आला की खाली बघून सह्या ठोकायच्या, ही माझी रीत. हा सखाराम औषध का घेत नाही, त्याचा रिपोर्ट नेतो कोण, हे मी एकदाही विचारलं नाही. सोमवारी टेबलाखाली एक बूट काढून आबा पाऊल कराकरा खाजवत बसायचे, ते मला दिसायचं. "काय हवालदार, बूट चावतात काय?" असं विचारून मी पुढे जायचो.

एका सोमवारी आबा चार पायऱ्या चढून कठड्याला धरून उभे राहिले. धाप लागली होती. मी त्यांच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, तर आत पांढरंफटक. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा.

"सखाराम जावळीकर मीच हाय, डॉक्टर," आबा म्हणाले. ते सावधानमध्ये उभे होते.

दर शनिवारी एसटीने ते गावी जात. रविवारी सकाळी, जिथे सगळी वाडी परसाकडे बसते त्या ओल्या रानात जाऊन तासभर अनवाणी उभे राहत. "गाव म्हंतं, हवालदाराला याड लागलं," ते म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी तोवर कधी विचारलंच नव्हतं.

त्यांना पहिला मुलगा होता. चार वर्षांचा असताना त्याच्या पोटात जंतांचा गोळा अडकला आणि तो गेला. आबा तेव्हा सरहद्दीवर होते, तार पोचायला आठ दिवस लागले. मग सुमन झाली. "सुमीला मी जमिनीवर उघडं पाऊल टाकू दिलं न्हाई. पाणी उकळल्यालं. दर सा म्हैन्याला औषध, माज्या हातानं. तिच्या पोटात एक बी पाव्हणा येऊ दिला न्हाई." सुमन आता चोवीस वर्षांची होती, लग्न होऊन साताऱ्याला. तीन वर्षं तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती, जखमा होत्या, रक्त पडत होतं. गोळ्यांनी तोंड सुजून ओळखू येईनाशी झाली होती. डॉक्टर आतडं काढायची भाषा करत होते.

"तिच्या पोटात पाव्हणा सोडला तर भांडण मिटंल, आसं वाटलं. पर आधी माज्या पोटात बघाया नगं? पोरीच्या अंगात तसाच कसा सोडू?"

मला भीती वाटली, आणि लाजही वाटली. दोन्ही मिळून माझ्या तोंडून राग बाहेर पडला. हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं मी त्यांना चारचौघांत सुनावलं आणि जंताच्या गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"आर्डर?" आबांनी विचारलं.

"ऑर्डर."

"लिवून द्या."

"लिहून कसलं मागताय? गिळा आधी!"

त्यांनी गोळ्या गिळल्या. पाण्याचा पेला खाली ठेवून हळूच विचारलं, "डॉक्टर, सुमीचं माज्यामुळंच झालं का वो?"

"नंतर बोलू, आबा," मी म्हणालो. "रिपोर्ट पडलेत."

गोळ्या देऊन मी योग्यच केलं, हे मी आजही म्हणेन. पण ते 'नंतर' काही आलं नाही. महिन्याभरात सुमनचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण शौचासाठी पोटाला कायमची पिशवी लागली. आबांनी नोकरी सोडली आणि ते मेढ्याकडे निघून गेले. मला त्यांचा पत्ता ठाऊक होता, एसटीही रोज होती. माझी पावलं वळली नाहीत.

सहा वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात वाचलं की परदेशात काही डॉक्टर नेमका हाच विचार करताहेत: जंत अंगातली भांडणं मिटवतात का, आणि सुमनसारख्या आजारात जंताची अंडी देऊन बघावीत का. आबांची पलटण, आबांचा पाहुणा, फक्त भाषा वेगळी. मी त्याची झेरॉक्स काढली आणि मेढ्याची गाडी धरली.

आबा अंगणात बसले होते. वाळले होते, मिशी पांढरी झाली होती. सुमन माहेरी आली होती, ती आत चुलीपाशी होती. मी सगळं वाचून दाखवलं.

"म्हंजी माजं बरोबर हुतं?"

"थोडं असेलही. गुण येईल असं अजून कोणी छातीठोक सांगत नाही."

"आन् लहानपणी औषध दिल्यानं तसं हुतं, ह्ये?"

"तेही कोणाला ठाऊक नाही, आबा. कितीतरी मुलं ते औषध घेतात, त्यांना काही होत नाही."

"ठावं न्हाई म्हंजी न्हाई, आसं न्हवं," आबा म्हणाले. यंदा भात बरं दिसतंय, असं काहीतरी मी म्हणालो.

अंगणात सुमनची चार वर्षांची मुलगी अनवाणी धावत होती. आतून सुमन ओरडली, "आबा, तिला चपला घाला की! कवाची सांगतीया!" तेव्हा मला दिसलं, आबांच्या मांडीवर लाल रंगाच्या दोन छोट्या चपला होत्या. त्यांनी दोन्हींवर हात ठेवला होता.

"सकाळधरनं घिऊन बसलोय," ते म्हणाले. "डॉक्टर, घालू का नगं?"

"घाला, आबा."

"आर्डर?"

या वेळी मी पेन काढलं. झेरॉक्सच्या पाठीमागे लिहिलं: 'मुलीला चप्पल घालावी. जंताचं औषध वेळेवर द्यावं. पुढे काहीही झाल्यास जबाबदारी माझी. सुमनच्या आजारात तिच्या वडिलांचा काही दोष नाही.' खाली सही केली, तारीख टाकली.

आबांनी ते ओठ हलवत वाचलं. शेवटची ओळ पुन्हा वाचली. "ह्ये शेवटचं तुमास्नी काय ठावं?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "पण सही माझी आहे. या खेपेला वाचून केलीय."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि नातीला हाक मारली. ती आली, त्यांच्या खांद्याला धरून एका पायावर उभी राहिली. आबांनी खाली वाकून तिला चपला घातल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "आबा, उलट्या!"

आबांना काही दिसत नव्हतं. चपला मीच बदलल्या.